प्लास्टर घट्ट होण्याआधी बोलणं कसं संपवावं

तीर्थरूप आत्या,

तुझ्या उजव्या गुडघ्याला, त्याच्या मागोमाग डाव्याला (तो रुसायला नको), आणि मग तुला सगळीच्या सगळीला माझा वाकून नमस्कार. तू ठीक आहेस असं धरून चालतो, कारण नसतीस तर आत्तापर्यंत कळवलं असतंस, आणि नुसतं मला नव्हे, सगळ्या गोतावळ्याला. मोतीबिंदू काढल्यापासून तुला छताची कोळिष्टकं दिसायला लागली आणि घरात कुणाची धडगत राहिली नाही, असं तुझ्या सुनेने आमच्या हिला सांगितलं. ऐकून बरं वाटलं. तुझी नजर सुधारली की घर सुधारतं, हा आमचा लहानपणापासूनचा अनुभव आहे. इकडे ही बरी आहे. माझी कंबर होती तशीच आहे, म्हणजे सकाळी माझी नसते आणि दुपारपर्यंत हळूहळू माझी होते.

पत्रास कारण तू फोनवर शिकवलेली इंग्रजी वाक्यं. तीच ती, समोरच्याचं बोलणं सभ्यपणे मिटवायची. जिने शिकवलं तिला पेपर कसा गेला हे कळायला हवं, म्हणून निकाल कळवतो. एक सोडून बाकी सगळी वाक्यं सपशेल नापास झाली. जे एक पास झालं, ते नेमकं अशा माणसापुढे झालं की डॉक्टरीणबाईचं काम माझ्या हातून जायच्या बेतात आहे. (डॉक्टरीणबाई म्हणजे तुझ्याच वर्गात इंग्रजी शिकलेली, पहिल्या बाकावरची, आता दातांचा दवाखाना चालवते. माझ्याकडे कवळ्यांचं जे काही काम येतं ते बहुतेक सगळं तिचं.) ते गेलं तर माझी ही मागची खोली बंद, आणि मी या वयात कुणाच्या तरी मोठ्या लॅबमध्ये दिवसभर उभ्याने लोकांचे दात घासणार. मी तसं होऊ देणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा रक्तदाब जागेवर राहील.

माझं काम तू चारचौघांत कायम ‘हा दातांचं काहीतरी करतो’ असं सांगतेस, म्हणून एकदा नीट ऐक. डॉक्टरीणबाई रोग्याच्या हिरड्यांचं माप घेते. ते माप ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्याकडे येतं आणि मी त्यात प्लास्टर ओततो. हे प्लास्टर रबरी वाडग्यात पाण्याबरोबर कालवलं की मग ते कुणाच्या बापासाठी थांबत नाही. कालवायचं, ओतायचं, ओतताना साचा टेबलावर टकटक आपटत राहायचा म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात, आणि हे सगळं एका दमात. मध्येच कुणी ‘बरं का’ म्हणून खुर्ची ओढली की संपलं. वाडग्यात दगड होतो. मापही वाट बघत बसत नाही, सुकलं की आकसतं. मग डॉक्टरीणबाईला रोग्याला परत बोलवावं लागतं, परत त्याच्या तोंडात तो गार लगदा कोंबावा लागतो, आणि रोगी तोंड मोकळं झाल्यावर पहिलं माझं नाव काढतो. हे अलीकडे वारंवार व्हायला लागलं होतं. शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाईने नव्या मापाबरोबरच्या चिठ्ठीवर नुसतं ‘प्लीज’ लिहून पाठवलं. रागावली असती तर परवडलं असतं.

तू म्हणशील, दाराला कडी लाव. लावता येत नाही. कवळी नवी असताना टोचते, आणि टोचली की माणसं थेट माझ्याकडे येतात. मी जरा घासून देतो. दुखायचं थांबतं. आता दुखायचं थांबल्यावर माणसाने घरी जावं की नाही? पण नवे दात बसले की माणसाला दोन गोष्टी करून बघायच्या असतात, खाऊन आणि बोलून. खाऊन बघायला तो घरी जातो. बोलून बघायला माझ्याकडे थांबतो. म्हणजे माझ्या डोक्याला जो ताप आहे तो मीच स्वतःच्या हाताने घडवून, पॉलिश करून, बसवून देतो. याबद्दल कुणाकडे तक्रार करायची?

आणि आपल्या भाषेत बोलणं संपवायची सोय नाही, हे मी या खोलीत शिकलो. ‘बरं’ म्हटलं की समोरच्याला वाटतं, याला पटलं. ‘असो’ म्हटलं की तो म्हणतो, असो कसं, पुढे ऐका. ‘चला’ म्हटलं तर चला कुठे, आत्ता तर आलो. मी एकदा चांगली कानापर्यंत पोचणारी जांभई दिली, तर झोप का येत नाही आणि कुणाकुणाला येत नाही यावर नवा अध्याय सुरू झाला. उठून उभा राहिलो तर समोरचाही उभा राहिला, आणि उभ्याने काढलेला विषय बसून काढलेल्यापेक्षा लांबतो (तू दारात चपला घालताना काढतेस तो आठव). राहता राहिलं ‘मला काम आहे’. ते तर सगळ्यात कुचकामी. त्यावर आजवर मला एकच उत्तर मिळालंय: ‘मग करा की! मी काय हात धरलेत तुमचे? मी आपला बसलोय.’

म्हणून मी तुला फोन केला. तू म्हणालीस की इंग्रजीत याची पक्की व्यवस्था आहे. माणसाला दाराबाहेर काढलं तरी तो आभार मानत जातो आणि आपल्याला काढलं हे त्याला कोपऱ्यावर वळल्यावर कळतं. मला हेच हवं होतं. तू वाक्यं सांगितलीस, मी दात घासता घासता ती पाठ केली. (ही बाहेरून ऐकत होती. तिला वाटलं मशीनमधून आवाज येतोय.)

पहिला प्रयोग ‘थोडक्यात’वर केला. हे मोजणी खात्यातले निवृत्त साहेब. प्रत्येक गोष्ट ‘थोडक्यात सांगतो’ असं म्हणून सुरू करतात आणि तिथून त्यांचं बालपण लागतं. त्यांची खालची कवळी मी केली, आणि दुर्दैवाने फार चांगली केली. त्या दिवशी ते शेजाऱ्याच्या कुंपणाच्या भांडणावर होते आणि मी वाडग्यात प्लास्टर कालवायला घेतलं होतं. मी त्यांच्याकडे वळलो, तू सांगितलंस तसं हसलो, आणि म्हणालो, इट वॉज लव्हली टॉकिंग टू यू. ‘वॉज’वर जोर दे म्हणजे झालं-गेलं हे त्याला कळेल, असं तू बजावलं होतंस. मी असा जोर दिला की हातातल्या पळीवरचं प्लास्टर उडून त्यांच्या चष्म्यावर बसलं. साहेब गप्प झाले. मला वाटलं, लागू पडलं. पण त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले की इतकी वर्षं मी घरात बोलतोय, पण तुझ्याशी बोलून छान वाटलं असं मला कुणी म्हटलं नाही. मग त्यांनी इतका वेळ हातात धरलेली टोपी माझ्या खुंटीला अडकवली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. त्या दिवशीचं प्लास्टर मी छिन्नीने काढलं.

दुसरं वाक्य टपालबाईंना वाहिलं. (या टपालात होत्या. शहरातल्या कुणाला कुठून काय यायचं ते त्यांना अजून तोंडपाठ आहे.) त्यांना म्हटलं, आय वोन्ट कीप यू. म्हणजे मी तुम्हाला अडकवून ठेवत नाही, निघा. त्या मनापासून म्हणाल्या, छे हो, अडकले कसली, मुलगा न्यायला येईपर्यंत मोकळीच आहे मी, तुम्ही अगदी मनाला लावून घेऊ नका. आणि माझं मन हलकं व्हावं म्हणून त्या मुलगा येईपर्यंत बोलत राहिल्या.

मग मी तिसरं काढलं. इज देअर एनीथिंग एल्स आय कॅन हेल्प यू विथ? तू म्हणाली होतीस, दुकानातली माणसं हे विचारतात तेव्हा गिऱ्हाईक ‘नो’ म्हणून फोन ठेवतं. टपालबाईंना ‘नो’ म्हणायची सवय नाही. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाल्या, विचारलंत म्हणून सांगते, घरातल्या छत्रीची मूठ निघालीय. मी काही बोलायच्या आत, दुसऱ्या दिवशी छत्री हजर. आता माझ्याकडे हिरड्यांचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक असतं, त्याने मी मूठ बसवून दिली. झक्क बसली, ही माझी चूक. त्यानंतर टीव्हीच्या रिमोटचं झाकण आलं, कपाटाची कडी आली, कुणाच्या तरी इस्त्रीचं बटण आलं. आज आमच्या गल्लीत निम्म्या घरांत काही ना काही हिरडीच्या रंगाचं आहे. संध्याकाळी माणसं फिरायला निघतात तेव्हा छत्र्यांच्या मुठी बघून मला त्यांच्यात दात लावायची इच्छा होते.

चौथं वाक्य, लेट्स कॅच अप सून, याच्यावर माझी भिस्त होती. पुन्हा भेटू म्हणायचं, म्हणजे आत्ता सुटका. ‘थोडक्यात’ साहेबांनी खिशातून पेन काढून विचारलं, सून म्हणजे कधी? मंगळवार चालेल? मोजणी खात्यातला माणूस, त्याला मोघम चालत नाही. मंगळवारी ते आले, बरोबर मेव्हण्याला घेऊन. मेव्हण्यांना वरचे दात नाहीत आणि त्यांचं बोलणं मला कळेना, म्हणून साहेब प्रत्येक वाक्य मला समजावून सांगत होते. एकेक गोष्ट दोनदा ऐकली, आत्या. दुसऱ्यांदा ऐकतानाही बरी नव्हती. आणि जाताना मेव्हणे उठले, माझा हात हातात घेतला आणि बिनदाताने म्हणाले, लव्हली टॉकिंग. साहेबांनी घरी सगळ्यांना शिकवलं होतं. त्यांच्याकडे आता कुणी आलं की दारातच असं म्हणून स्वागत करतात.

मी तुला परत फोन केला तेव्हा तू वाक्यांना दोष लागू दिला नाहीस. तू म्हणालीस, तुझ्या म्हणण्यात ठामपणा नाही. (ठामपणाचं मला सांगतेस? मी दातांना ठाम उभं करून पोट भरतो.) मग तू तुझ्या भात्यातलं शेवटचं दिलंस: थँक यू सो मच फॉर रीचिंग आउट, आय विल सर्टनली कीप इट इन माइंड. तुमचं म्हणणं लक्षात ठेवतो, असं वरून, आणि आतून, आता फुटा. हे ऐकून दारावरचा विक्रेतासुद्धा जिना उतरतो, असं तू म्हणालीस. मी हट्टाला पेटलो. जेवताना म्हटलं, अंघोळीत म्हटलं, पॉलिशच्या मशीनवर तर सकाळ-संध्याकाळ म्हटलं. शेवटी असं झालं की हात कामात असले आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला की वाक्य आपसूक तोंडातून बाहेर पडायचं. डोक्याला त्याचा पत्ताही नसायचा.

अशा वेळी डॉक्टरीणबाई आली. आपण होऊन, माझ्या खोलीत, पहिल्यांदा. मी नुकतं प्लास्टर कालवलेलं, पाठ दाराकडे, डोळे वाडग्यात. ती म्हणाली, बसू का? खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तुझी विद्यार्थिनी असल्याने ती कुठलाही विषय दुरून आणते. आधी जिन्यातला दिवा गेल्याचं बोलली, मग माझ्या खोलीतली हवा किती कोंदट आहे ते, मग कशी दवाखान्याची दुसरी शाखा निघतेय, मागच्या बाजूला एक उजेडाची खोली रिकामी राहतेय, आणि मग, मी विचार करत होते की... ‘मी विचार करत होते की’ इथे मी वळलोही नाही. साचा टकटक आपटत, सुरात, एका दमात, सगळे जोर जागच्या जागी ठेवून मी म्हणालो, थँक यू सो मच फॉर रीचिंग आउट, आय विल सर्टनली कीप इट इन माइंड.

मग ती म्हणाली, ऑफ कोर्स. पर्स उचलल्याचा आवाज आला, दार हळूच लागलं, आणि पावलं जिना उतरली. जिना उतरली, आत्या! इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा एक माणूस वाक्य ऐकून गेला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. ते प्लास्टर मी असं ओतलं की साच्यात एक बुडबुडा नाही. हिरडीची रेघन् रेघ उमटली. तसा साचा मी आयुष्यात काढला नव्हता आणि तो हातात घेऊन मी स्वयंपाकघरात हिला दाखवायला गेलो.

हिने साच्याकडे बघितलं नाही. विचारलं, डॉक्टरीणबाई कशाला आली होती? म्हटलं, गेली. ही म्हणाली, गेली ते दिसतंय, आली कशाला होती? आणि तेव्हा मला ते सगळं ऐकू आलं. म्हणजे कानात शिरलं होतं मघाशीच, पण डोक्यात तेव्हा पोचलं. दुसरी शाखा. मागची खोली. उजेडाची. एवढे शब्द हिला कसेबसे सांगितले आणि माझी दातखीळ बसली. ही म्हणाली, तुम्हाला कायमचं काम द्यायला आली होती ती, आणि तुम्ही तिला काय सांगितलंत? मी वाक्य म्हणून दाखवलं. हिला इंग्रजी येत नाही, पण सूर कळतो. तिने गॅस बंद केला आणि खुर्चीत बसली.

आता तूच सांग, हे कसं झालं? ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी वाक्यातला मान तेवढा घेतला आणि ते राहिले. जिला येत होतं तिने आतली लाथ बरोबर ओळखली आणि ती गेली. अख्ख्या गल्लीत ज्या एका माणसाने बसावं, बोलावं, हवं तर माझ्या डोक्यावर बसून बोलावं अशी माझी इच्छा होती, त्या एकाला मी हाकललं. आणि त्याला लागणारं शिक्षण तिला तूच दिलं होतंस. मी तुला दोष देत नाही. (देतो, पण थोडा.)

मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, बाई एका मोठ्या लॅबशी बोलताहेत, कारण तुम्हाला नवं काम नकोय ना? मी म्हणालो, कोण म्हणतं? ती म्हणाली, बाईच म्हणाल्या, तुम्ही फार छान शब्दांत नाही म्हणालात. इतक्यात डॉक्टरीणबाई बाहेर आली. मी तोंड उघडलं, तर माझ्या आधी तीच हसून म्हणाली, नो वरीज ॲट ऑल, आय कम्प्लीटली अंडरस्टँड. आणि आत गेली. झालं. मी तिथे उभा. तू मला दार लावायची इतकी वाक्यं दिलीस, पण लागलेलं दार उघडायचं एकही दिलं नाहीस. मराठीत बोलावं तर ती इंग्रजीत इतकी गोड वागली होती की मध्ये मराठी आणणं म्हणजे स्वच्छ लादीवर चिखलाचे पाय. मी रिसेप्शनवरच्या मुलीला हॅव अ नाइस डे म्हणून घरी आलो. त्या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

त्या दिवसापासून इंग्रजी बंद. आणि हे तुला सांगायला मला अभिमान वाटतो की प्लास्टरचा प्रश्नही सुटला, तो आपल्याच पद्धतीने. झालं असं की ‘थोडक्यात’ साहेब बोलत होते आणि बोलताना त्यांचे हात चालतात, हे मी इतकी वर्षं नुसतं बघत होतो. त्या दिवशी वैतागून मी ओतलेला साचा त्यांच्याच हातात दिला आणि म्हटलं, बोला, पण हा टेबलावर आपटत बोला. ते बोलले. साचा आपटला गेला. बुडबुडे निघाले. रागाची गोष्ट आली की टकटक जोरात होते, बायकोचा विषय आला की हलकी होते, आणि एकंदरीत काम माझ्यापेक्षा चांगलं उतरतं. कवळी आधी मेणात घडते, ते मेण टपालबाई मऊ करून देतात. मेव्हणे बसून विकत आलेल्या तयार दातांच्या पट्ट्या रंगाप्रमाणे लावतात, त्यांना स्वतःला नसल्याने ते फार आस्थेने लावतात. कुणाचं बोलणं संपवावं लागत नाही आणि एक वाडगं वाया जात नाही. आता अडचण एवढीच, की डॉक्टरीणबाईने पाठवायचं थांबवलं तर ओतायला मापं कुठून आणू? सगळी खोली कामाला लागलीय आणि काम निघून चाललंय.

पण मी ते जाऊ देणार नाही, हे वर लिहिलंय ते परत लिहितो. कसं, ते ठरवतोय.

सगळं सविस्तर कळवलं. लोभ नेहमीइतकाच ठेव, वाढवू नकोस, तूर्त तेवढाच पेलतो. गुडघ्यांना जप.

तुझा,
दातांचं काहीतरी करणारा भाचा

ता. क. खरं काम आता लिहितो. तू डॉक्टरीणबाईला फोन कर. विद्यार्थिनी आहे, तुझा फोन ती घेणारच. तिला माझ्याबद्दल सांग. कसं सांगायचं ते मी तुला शिकवायला नको. दुपारी, जेवण झाल्यावर, तू मला करतेस तसा फोन कर. मला कधी तो ठेवता आलेला नाही. तुझ्याकडून वाक्यं शिकायला मी जो फोन केला होता त्यात वाक्यं सुरुवातीलाच सांगून झाली होती आणि उरलेला वेळ तू बोलत होतीस, आणि तुझ्यावर वापरायला माझ्याजवळ तीच वाक्यं होती, पण शिकवणाऱ्या बाईवर ती चालवायला जीभ उचलली नाही. (आत्या, खरं सांगू? ती वाक्यं मी मुळात मागितली त्यामागे तुझे दुपारचे फोनही थोडे होते.) बोलता बोलता डॉक्टरीणबाई तुला म्हणेल, इट वॉज लव्हली टॉकिंग टू यू. त्याचा अर्थ तुला ठाऊक नाही असं समज आणि पुढे बोल. ती हो म्हणेपर्यंत बोल.

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आत हिने वाचलं. वरचा ताजा कलम रद्द समज. फोन करू नकोस. हिने मला विचारलं, तुम्हाला काम हवंय ना? म्हटलं, हो. ही म्हणाली, मग ‘मला काम हवंय’ हे डॉक्टरीणबाईला अजून तुम्ही कुठल्याच भाषेत सांगितलं नाहीये. मी म्हणालो, तसं कसं सांगायचं, तोंडावर? ही म्हणाली, दुसरं कुठे सांगतात? चपला पायात चढवल्यात. निघालोय. पाकीट तसंच उघडं ठेवतो.

ता. क. जाऊन आलो. दवाखान्यात रोगी बसले होते, त्यातले तिघे माझ्या दातांचे. मी त्यांच्यासमोर डॉक्टरीणबाईला म्हणालो, बाई, त्या दिवशीचं ते वाक्य माझं नव्हतं, मी पाठ केलेलं होतं, तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलंच नव्हतं. मला ते काम हवंय. खोली उजेडाची नसली तरी हवंय. बोलताना माझा आवाज चिरकला. म्हटलं, चिरकू दे, पण वाक्य पुरं करायचं. ती हातमोजे काढता काढता थांबली. मग आतून कुणीतरी बोलावलं, आणि जाता जाता ती म्हणाली, थँक यू फॉर कमिंग, लेट मी थिंक अबाउट इट, अँड प्लीज डोन्ट हेजिटेट टू कम बाय एनी टाइम.

कधीही या, संकोच करू नका, असं तिने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. म्हणून मी उद्या जाणार आहे, दवाखाना उघडायच्या वेळेला. परवाही जाणार आहे. संकोच अजिबात करणार नाही. हिने शर्ट इस्त्री करून ठेवलाय. आत्या, त्या वाक्याचा खरा अर्थ काय ते तुला पक्कं ठाऊक असणार. आता मलाही थोडाफार आहे. कृपा करून कळवू नकोस.